आईचा वाकडा चौकोन

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा माझ्या बॅगेत पुस्तकांच्या खाली लोकरीचे काही चौकोन होते. लपवून आणले होते असं म्हणता येणार नाही. पण वरही ठेवले नव्हते.

मी अंबाजोगाईला वसतिगृहात राहून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला शिकत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे सुट्टीत घरी गेलं की माझी बॅग आई स्वतः उघडायची. मळलेले कपडे काढायची, पुस्तकं कपाळाला लावून फळीवर ठेवायची. त्या दिवशी पुस्तकांच्या खाली तिला ते चौकोन सापडले.

विणायला मला आमच्या वसतिगृहाच्या रेक्टर मॅडमनी शिकवलं होतं. संध्याकाळी त्या पायरीवर बसून नातवाचा स्वेटर विणायच्या. मी शेजारी बसून बघायचे. एके दिवशी त्यांनी सुया माझ्या हातात दिल्या आणि सुलट टाका दाखवला, मग उलट. बाकीचं मी मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले. त्यात एक बाई ब्लँकेट विणत होती, ज्याचा प्रत्येक चौकोन वेगळ्या नमुन्याचा होता. एक वेणीचा, एक जाळीचा, एक साबुदाण्यासारखा खडबडीत. सगळे झाले की जोडायचे. मला ते का आवडलं हे नीट सांगता येणार नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगात एक पायरी चुकली की पुढचं सगळं वाया जायचं. इथे चूक झाली तर ती त्या चौकोनापुरती राहायची, असं काहीतरी वाटलं असावं.

आईने चौकोन बाजेवर मांडले. चुलती हळदीची वाटी मागायला आली होती, ती वाटी हातात धरून तिथेच थांबली.

"काय गं हे?"

"ब्लँकेट होणार आहे," मी म्हटलं.

"कुणासाठी?"

"कुणासाठी नाही. असंच."

चुलती आईकडे बघून हसली. आमच्या घरात 'असंच' कुणी काही करत नाही. दोरी वळली तर ती बैलासाठी असते, वाकळ शिवली तर येणाऱ्या थंडीसाठी. मी सुट्टीत घरी येते तेही कापूस वेचणीला हातभार म्हणून, असंच ठरलेलं. माझ्या उत्तराचा अर्थ लावायला त्या दोघींना फार वेळ लागला नाही.

"अगं, रुखवताचं हाय ते," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम हलका झाला होता. "लाजायलीय ती."

रुखवत म्हणजे लग्नात मुलीच्या हातचं काम मांडतात ते. रुमाल, तोरण, मण्यांची बदकं. आमच्याकडे मुलगी विणायला बसली की सगळे समजून घेतात की तिच्या मनात लग्न आलं. ती स्वतः कधी तोंडाने बोलणार नाही, म्हणून हातातल्या सुयाच बोलतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. चार गल्ल्यांतल्या मुलींची रुखवतं मांडायला मी मदत केली होती. फक्त मी स्वतः सुया हातात घेतल्या तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. माझ्या मनात पुण्याला जाऊन एम.एस्सी. करायचं होतं. प्रवेश परीक्षेचा अर्जही मी भरला होता आणि घरी बोलले नव्हते. पण आईचा चेहरा बघून मी गप्प बसले.

तिचा चेहरा तसा का झाला ते समजायला मावशी माहीत पाहिजे. मावशी म्हणजे आईची मोठी बहीण, तलवाड्याला असते. आईची आई लवकर गेली, तेव्हा मावशीनेच आईला वाढवलं. तिच्या शब्दाबाहेर आई कधी गेली नव्हती. मी बारावी झाले तेव्हा मावशीने स्थळ आणलं होतं आणि आई आयुष्यात पहिल्यांदा तिला नाही म्हणाली होती. "पोरगी शिकंल आक्का," एवढंच. त्यानंतर मावशी येत राहिली, बोलत राहिली, पण आईला कायम वाटायचं की आक्काच्या मनातून ते गेलेलं नाही. आता मी आपणहून रुखवत करायला घेतलं म्हणजे आईचं शिकवणंही खरं ठरलं आणि मावशीचं म्हणणंही राहिलं. दोन्हीकडून ती सुटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे वेचणीला निघाले. मी ओढणी डोक्याला बांधली तर आई म्हणाली, "तू ऱ्हा घरी. इन तुझं."

"येते की मी."

"बोंडांनी हात फाटतेत. मंग लोकर अडकती."

आणि मी राहिले. त्या सुट्टीत मी वेचणीला गेलेच नाही. आई, अण्णा म्हणजे माझे वडील, आणि चुलती दिवसभर वाकून कापूस वेचायचे आणि मी ओसरीवर सावलीला बसून वेणीचा नमुना करायचे. शेजारच्या बायका जाता-येता बघून जायच्या, कौतुक करायच्या. दुपारी मी आई-अण्णांची भाकरी घेऊन बांधावर जायचे तर आई म्हणायची, "उनात कावून आलीस?" मी परत यायचे. परत येऊन आधी सुया हातात घ्यायचे. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या दुपारी मला आवडल्या होत्या.

संध्याकाळी आई घरी आली की हातपाय धुऊन माझ्याजवळ बसायची. तिच्या बोटांना बोंडांच्या टरफलांनी बारीक चिरा पडलेल्या असत. चौकोन हातात घेतला की लोकरीचा तंतू त्या चिरांत अडकायचा. म्हणून ती आधी हातांना खोबरेल तेल चोळायची, मग लुगड्याला पुसायची, आणि मगच चौकोन उचलायची. पालथा करायची, उजेडाकडे धरायची.

एकदा म्हणाली, "मला यील का गं हे?"

मी तिला टाके घालून दिले आणि सुलट शिकवलं. कोयता, खुरपं, विळा, सगळं सहज धरणारी माझी आई त्या दोन सुया हातात घेऊन अशी बसली की जणू कुणी तिचा फोटो काढतंय. जीभ दातांत धरून एकेक टाका. मध्येच म्हणायची, "ह्यो कुटून आला? ह्यो नव्हता मगाशी." दोरा पुढे राहून गेला की आपोआप एक टाका वाढतो, तसे तिचे वाढत होते. मी काढून टाकते म्हटलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आलाय तर ऱ्हाऊ दे बिचारा."

लोकर संपत आली म्हणून आम्ही दोघी माजलगावला गेलो. आई बाजाराला जाते तेव्हा बियाणं, किराणा, फार तर चपला. लोकर आणायला ती पहिल्यांदाच निघाली होती. नवी साडी नेसली होती. एसटीत शेजारच्या बाईला न विचारता सांगितलं, "लेकीला लोकर घ्यायलोत."

दुकान बाजारपेठेच्या आतल्या गल्लीत होतं. बांगड्या, लेस, अस्तर, बटणं आणि एका बाजूला छतापर्यंत लोकरीचे गुंडे. दुकानदार चाचा म्हातारे होते, चष्मा कपाळावर ठेवून बसलेले. मी दोन पदरी की चार पदरी, कोणत्या नंबरच्या सुया, हे सांगायला लागले. आधीच ठरवलं होतं की रंग फिक्के घ्यायचे, राखाडी, दुधी, फार तर आकाशी. फिक्क्या रंगावर नमुना उठून दिसतो, असं मोबाइलमधली बाई म्हणाली होती.

चाचांनी दुधी गुंडा काढला. आईने तो बोटाने बाजूला सारला.

"ह्यो कसला रंग? मैताला न्यायचाय का?"

चाचा हसायला लागले. "मंग कोन्ता दिऊ, माय?"

"त्यो लाल. आन त्यो पोपटी. चमकी हाय का त्याच्यात?"

"आई, चमकी टोचते," मी म्हटलं.

"तुला न्हाई घ्यायचं अंगावर. मांडायचं हाय," आई म्हणाली आणि चाचांकडे वळून सांगितलं, "लेकीच्या रुखवताचं हाय."

"माशाल्ला!" चाचांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "मंग असं बोला की. मी आपला रोजच्यातला माल दावायलोय." त्यांनी स्टूल ओढलं, वरच्या फळीवरनं गर्द लाल गुंडे काढले. गाभुळलेल्या चिंचेसारखा नाही, नव्या कुंकवासारखा लाल. "हे बगा. धुवा, सुकवा, रंग जानार न्हाई. कसर लागनार न्हाई. नातवंडं पांघरतेल."

आई त्या लाल गुंड्यावरून हात फिरवणार होती. मग थांबली, मागे घेतला, आणि हाताची पालथी बाजू फिरवली. तिथे चिरा नसतात.

भाव करताना ती नेहमीसारखीच होती. दुकानातून दोनदा उठली, दोनदा बसली. शेवटी चाचांनी सुयांचा एक नवा जोड वरून घातला. "ह्या माझ्याकडनं. पत्रिका आना मातर."

"आनू की!" आई म्हणाली.

मी शेजारीच उभी होते. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होते. चाचांना वाटलं असेल, लाजतेय.

परतीच्या एसटीत सांगायचं, असं मी मनाशी पक्कं केलं. आई खिडकीशी बसली होती, लोकरीची पिशवी मांडीवर धरून. धरण दिसलं तेव्हा म्हणाली, "लालच्यात मीच एक करीन. येवढा एक माझा ऱ्हाऊ दे." मी हो म्हटलं. मग तिला झोप लागली. पिशवी तिने झोपेतही सोडली नाही. तिला झोपेतून उठवून काय सांगायचं, असं मी स्वतःला म्हटलं. जागी होती तेव्हा काय म्हटलं होतं ते आठवत नाही.

सुट्टी संपून मी वसतिगृहात गेले आणि काही दिवसांतच आईचा फोन आला. रविवारी ये. मावशी पाहुणे घेऊन येणार होती. "नुस्तं च्याला यायलेत," आई म्हणाली. "आक्काला मी सांगितलं, आमची पोरगी सोताच रुखवताला बसलीय. ती म्हनली, मंग उशीर कावून करायचा?"

फोनवर सांगता आलं असतं. मी म्हटलं, "येते."

शनिवारी घरी पोचले तर आईने भिंती पुसून घेतल्या होत्या, चुलतीकडून कप आणले होते, आणि बाजेवर एक जुनी पांढरी चादर घालून त्यावर माझे सगळे चौकोन मांडून ठेवले होते. रंग जुळवून, ओळीत. मी राखाडी आणि आकाशी केलेले मागे, लाल-पोपटी पुढे. तिचा स्वतःचा लाल चौकोन त्यात नव्हता. तो सुयांसकट पितळी डब्यात ठेवलेला मला दिसला.

"हा नाही का ठेवायचा?"

"ह्यँ. पाव्हणे हसतेल," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मी दोनदा तिच्या मागे चुलीपाशी गेले. दोन्ही वेळेला तिने मला काहीतरी काम सांगितलं आणि मी ते केलं.

पाहुणे चांगली माणसं होती. हे मुद्दाम सांगते, कारण त्यांनी काही वाईट केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मुलगा साखर कारखान्यात कामाला होता, खाली बघून बसला होता. त्याची आई बाजेपाशी गेली. एक चौकोन उचलला आणि पहिल्यांदा उलटा केला.

"मागची बाजू बी साफ हाय," ती म्हणाली. "काम जानती हाय पोरगी."

"घरची शिकवन हाय," मावशी म्हणाली. हे ती आईबद्दल म्हणाली होती. आई दारापाशी पदर सावरत उभी होती. मावशीने तिची अशी स्तुती केलेली मी कधी ऐकली नव्हती.

"अजून किती ऱ्हायलंय?" पाहुण्या बाईंनी मला विचारलं.

मी काही बोलायच्या आत मावशी म्हणाली, "संक्रांतीपतूर पुरं व्हतंय की."

"मंग तवाच सुपारी फोडू. रुखवत तयार, पोरगी तयार," त्या म्हणाल्या.

सगळे हसले. अण्णाही हसले, जे कमी हसतात. आणि मी म्हटलं, "हे रुखवताचं नाही."

आवाज इतका लहान निघाला की कुणाला नीट ऐकू गेलं नाही. मावशी म्हणाली, "लाजायलीय बगा." मग मला पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्याने.

"हे रुखवताचं नाही. मला पुढं शिकायचंय."

"मंग हे कशाचं हाय?" पाहुण्या बाईंनी विचारलं. रागाने नाही. खरंच विचारलं.

"असंच आहे," मी म्हटलं.

त्यांनी हातातला चौकोन होता त्या जागी, त्याच ओळीत परत ठेवला. कड सरळ केली. मग चहा झाला, ऊसपाण्याच्या गप्पा झाल्या. मुलाने बशीतली चिवड्याची मूठ संपवली. सगळं रीतीप्रमाणे झालं आणि ते उठले.

ते रिक्षात बसेपर्यंत मावशी थांबली. मग ओसरीवर परत येऊन आईला म्हणाली, "तुझ्या पोरीनं मला पाव्हण्यांपुडं खोटं पाडलं."

"न्हाई आक्का," आई म्हणाली. "तिनं कदी म्हटलंच न्हाई रुखवत. एकदा बी न्हाई. मीच आपली करत व्हते, रुखवत, रुखवत."

हे बोलता बोलता आईच्या लक्षात येत गेलं. मला ते दिसलं. पहिल्या दिवसापासूनचं सगळं तिने मनात एकदा परत फिरवून बघितलं, बाजेवरचं, दुकानातलं, एसटीतलं, आणि मी कुठेच ते म्हटलेलं तिला सापडलं नाही. ती मावशीसमोर माझी बाजू मांडत होती आणि तिचं म्हणणं अगदी खरं होतं. मी खोटं बोललेच नव्हते. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर माझ्यावर ओरडलं असतं, म्हणजे मलाही काही बोलता आलं असतं.

"म्हटलं न्हाई म्हनं!" मावशी माझ्याकडे वळली. "येवढं इनती, शिवती, तर तोंड बी शिवून घेतलंवतंस का गं? आदी सांगाया काय झालंतं?"

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"तवा बी तू मला न्हाई म्हनलीस," मावशी आईला म्हणाली. "आता पोरगी. दोगी मिळून मलाच वेडं करा."

ती गेली. आईने तिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणि नव्या ज्वारीचं पीठ बांधून ठेवलं होतं. ते गाठोडं दिवळीत तसंच राहिलं. आई त्याच्याकडे बघत होती. मग तिने बाजेवरचे चौकोन एकावर एक रचले आणि माझ्या बॅगेत ठेवले, पुस्तकांच्या वर.

रात्री मी पुण्याच्या परीक्षेचं सांगितलं तेव्हा आई भांडी घासत राहिली. अण्णा म्हणाले, "शिकायचं तर शिक. पर आदी सांगत जा, बाई." बस, एवढंच.

दर संक्रांतीला मावशी तिळाचे लाडू घेऊन यायची किंवा कुणाबरोबर तरी पाठवायची. त्या वर्षी आले नाहीत. मी घरी होते. आई सुगडं पुजताना मध्येच उठून फोन बघून यायची. फोन वाजला नव्हता तरी. मी म्हटलं, "तू कर ना." ती म्हणाली, "केलता दोनदा. उचलीना."

पितळी डब्यात तिचा लाल चौकोन तसाच होता, सुयांवर, अर्ध्याच्या थोडा पुढे. एकही ओळ वाढली नव्हती.

"पुरा कर ना हा," मी म्हटलं.

"तू ने. सुया तुझ्याच हायत, तुला लागतेल."

मी तो तसाच नेला. वसतिगृहात बघितला तर खाली अरुंद आणि वर रुंद, पतंगासारखा एका बाजूला गेलेला. रेक्टर मॅडम म्हणाल्या, उसवून परत कर, तासाभराचं काम आहे. मी एक ओळ उसवलीही. मग ती पुन्हा सुईवर चढवली आणि होता तिथेच टाके बंद केले. त्याला अजून खोबरेल तेलाचा वास होता. शेजारचे चौकोन ओढून, थोडे आवळून, कसाबसा तो मधोमध बसवला. सगळं ब्लँकेट त्याच्यामुळे जरासं तिरकं झालं.

ते कशासाठी, हे अजूनही मला माहीत नव्हतं. पांघरावंसं वाटेना. त्याच्यामुळे दोन बहिणी बोलत नव्हत्या आणि मी मात्र प्रवेश परीक्षेची तयारी करत होते. अभ्यासात मन लागायचं. तेही बरं वाटायचं नाही.

परीक्षा संपल्यावर मी घरी न जाता आधी तलवाड्याला गेले. आईला सांगितलं नाही. मावशी गच्चीवर कुरडया घालत होती. उन्हाने तिचं तोंड लाल झालं होतं. मला बघून म्हणाली, "कोन मेलंय का?"

"नाही मावशी. असंच आले."

"असंच!" ती म्हणाली. "तुझं आपलं सगळं असंच. आलीच हायस तर बस, साचा फिरव. माझा खांदा गेलाय."

मी बसले. ती गरम चीक साच्यात भरायची, मी दाबून फिरवायचे. माझ्या कुरडया वेड्यावाकड्या पडत होत्या. "ही काय कुरडई हाय का शेन?" असं तिचं चालू होतं. बरंच वाळवण झाल्यावर तिने पिशवीकडे हनुवटी केली. "काय हाय त्याच्यात?"

मी ब्लँकेट काढलं.

"लांबनं दाव. हात चिकाचे हायत माझे."

मी उभी राहून ते दोन्ही हातांनी धरलं. ती बसल्या जागेवरून बघत राहिली, डोळ्यांवर हात धरून.

"मधला त्यो लाल असा कावून? मोडल्यावानी?"

"तो आईने विणलाय."

मावशी उठली. बादलीत हात बुडवून धुतले, पदराला पुसले, परत पुसले. जवळ येऊन तो चौकोन बोटांत धरला.

"तिला ल्हानपनी दोरा ववायला दिला की लाळ लावून लावून भिजवायची," ती म्हणाली. "पर सुईत काय जायचा न्हाई. मंग रडायची. मीच ववून द्यायचे आन मंग सांगत फिरायची, मी ववला." तिने चौकोन पालथा केला. "कापसाच्या हातानं केला आसंल हे."

"तेल लावून."

मावशीने चौकोन परत सरळ केला. मग म्हणाली, "मला कशाला आनलंस?"

"तुमच्यासाठी. ठेवा तुमच्याजवळ."

"माझं काय लगीन लावतीस का आता?" ती स्वतःच हसली, मग हसू आवरलं. "ठिवते. पेटीत डांबरगोळ्या घालून ठिवते. पर सांगून ठिवते, तुझ्या रुखवतातच मांडनार मी हे."

पुन्हा तेच आलं होतं, अगदी तसंच. मी हो म्हणू शकले असते. माझं तोंड तसं व्हायलाही लागलं होतं.

"मावशी," मी म्हटलं, "मी पुण्याला जाणार आहे. लग्न कधी ते मला माहीत नाही. होईलच असंही—"

"मी तारीक इचारली का तुला?" ती म्हणाली. "साचा फिरव. चीक गार व्हायलाय."

मग तिने फोन मागितला. माझाच, तिच्या फोनमध्ये पैसे नव्हते म्हणे. आईचा नंबर मी लावून दिला. "मी हाय," ती मोठ्याने म्हणाली. "न्हाई, काई न्हाई झालं. तुझी पोरगी आलीय हितं. कुरडयांचा इस्कोट करायलीय. कसलं शिकवलंस गं हिला, चीक सुदीक दाबता यीना." पलीकडून आईचा आवाज येत होता, भराभर, मध्ये तुटत. मावशी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेली. बराच वेळ बोलत होती. मी एकटीनेच साचा भरला आणि दाबला.

फोन माझ्याकडे आला तेव्हा आईचं नाक चोंदलेलं होतं. "बरं केलंस गेलीस," ती म्हणाली. मग म्हणाली, "बिलँकेट दिलंस आक्काला?"

"हो."

"सगळं?"

"हो."

"माझा चौकोन बी?"

मी म्हटलं, "तो मधोमध होता, आई."

"हां, तसं हाय," ती म्हणाली. "माझ्या मनात व्हतं, त्यो तुझ्यासंगं जाईल पुन्याला."

ती पुण्याचं नाव घेईल असं मला वाटलं नव्हतं. आणि तो चौकोन तिने कुणासाठी केला, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. एसटीत ती 'एक माझा ऱ्हाऊ दे' म्हणाली होती. मी हो म्हणून गप्प बसले होते आणि मग तिला न विचारता देऊनही टाकला.

"मी परत मागते मावशीला," मी म्हटलं.

"येडी हायस का? आता कुटं बोलायलीय ती," आई घाईने म्हणाली. "असू दे. आक्काजवळच हाय. लाल उरलीय का लोकर?"

"थोडी."

"मंग टाके घालून आन येताना. मला सुरवात जमत न्हाई."

उरलेली लाल एका चौकोनाला पुरणार नव्हती. म्हणून तलवाड्याहून मी माजलगावला गेले. चाचांनी मला ओळखलं. "पत्रिका न्हाई आनली?" म्हणाले. "रुखवत झालं का?"

"ते मावशीकडे आहे, चाचा. आणि लग्न नाही ठरलेलं. तेव्हाही नव्हतं. मी सांगितलं नाही तुम्हाला."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "मंग हे काय करायलीस आता?"

"आई करणार आहे. माझ्यासाठी."

त्यांनी लाल गुंडे काढून माझ्याकडच्या उरलेल्या लोकरीशेजारी धरले. "ती खेप संपली. ह्यो जरा गडद येतो. फरक दिसंल."

"चालेल," मी म्हटलं.

एसटीला गर्दी नव्हती. खिडकीपाशी बसून मी त्यांनीच दिलेल्या सुयांवर टाके घातले. मोजून घातले, आणि मग दोन काढून टाकले. आईच्या हातून वाढतातच.